कौलं दरवर्षी फिरवूनही त्याच जागी गळतं? आधी वाशांचा झोळ मोजा

मे महिन्यात गडी लावून शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, कोन्यांचं, म्हणजे आढ्यावरच्या कौलांचं, सिमेंट नव्यानं मारायचं, आणि मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला माजघरात त्याच जागी परत पातेलं ठेवायचं. कोकणातल्या मंगलोरी कौलांच्या घरांत ही तक्रार इतकी सर्रास आहे की लोक ती कौलाची खोड समजतात. बहुतेक वेळा दोष कौलाचा नसतो. कौलाखालचा वासा वाकलेला असतो, आणि वाकलेल्या वाशावर नवं कोरं कौल बसवलं तरी ते नीट बसत नाही.

वासा मोडलेला नाही, मग तो कमी पडला कसा, असं सुतारही विचारतात. घोळ इथेच होतो. छपराच्या लाकडात ताकद सहसा पुरते, ताठपणा पुरत नाही. आडव्या-तिरप्या लाकडाचं माप ठरवताना वाक किती चालेल हा प्रश्न आधी सोडवायचा आणि मोडेल का हा नंतर. लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८८३ (आताची आवृत्ती २०१६ ची) कौलासारखं ठिसूळ साहित्य पेलणाऱ्या लाकडाचा वाक गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागात ठेवायला सांगतं. इतर ठिकाणी २४० वा भाग चालतो. म्हणजे ८ फुटी गाळ्याला, २४०० मिलिमीटरला, जेमतेम पावणेसात मिलिमीटर. प्रत्यक्षात जुन्या पाख्यांना, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंना, २५-३० मिमी झोळ सहज सापडतो.

झोळ कसा मोजायचा

संध्याकाळी तिरपं ऊन असताना वळचणीच्या टोकाला उभं राहून कौलांच्या आडव्या ओळींवरून नजर टाका. ओळ सरळ असेल तर सावलीची रेघ सरळ दिसते, एखादा वासा बसला असेल तिथे ती खाली वळते. हा झाला अंदाज.

मोजमाप आतून घ्यायचं. वाशाच्या खालच्या कडेला दोन्ही टेकूंपाशी, म्हणजे भिंतीपाशी आणि आढ्यापाशी किंवा मधल्या तुळईपाशी, एकाच जाडीचे दोन ठोकळे धरा, झोळापेक्षा जाड हवेत, दोन इंची घ्या. त्यावरून नायलॉनची लाइनदोरी ताणून बांधा. वाशाच्या मध्यावर दोरी आणि लाकूड यांतलं अंतर मोजा आणि ते ठोकळ्याच्या जाडीतून वजा करा. उरलं तो झोळ. वाशावर पेन्सिलीनं क्रमांक, तारीख आणि मिमी लिहा. एकच वासा मोजून थांबू नका, लागून असलेले पाच-सहा मोजा. गळतीचं खरं कारण बहुधा शेजारच्या दोन वाशांतल्या फरकात असतं. सगळे वासे सारखेच १५ मिमी बसले असतील तर कौलं एका प्रतलात राहतात आणि बऱ्यापैकी निभावतात. पण एक ५ मिमी आणि शेजारचा २५ मिमी असेल तर त्यावरची रीप, म्हणजे कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी, पीळ खाते, कौलाची बाजूची खोबण शेजारच्या कौलाच्या कडेवरून उचलली जाते, आणि काडेपेटीची काडी जाईल एवढी फट पडते. सरळ पावसात ती फट गळत नाही. वाऱ्याचा पाऊस आला की गळते. म्हणून लोक म्हणतात, कधी गळतं, कधी नाही.

झोळाचा दुसरा परिणाम उताराचा. २४०० मिमी गाळ्यात ३० मिमी पोट आलं तर वाशाच्या खालच्या टोकाशी उतार दोन-सव्वादोन अंशांनी कमी होतो. ३० अंशांचं पाखं असेल तर २७-२८ वर निभावतं. आधीच २६ वर बांधलेलं असेल तर वळचणीकडच्या तीन-चार ओळी २४ अंशांच्या आसपास येतात आणि वारा पाणी उलटं चढवून कौलाच्या चढाखाली ढकलतो. गळती भिंतीजवळ असेल तर हे कारण आधी तपासा.

वासा मुळात लहान होता का

पाखं ३० अंश, वाशांमधलं अंतर २ फूट म्हणजे ६०० मिमी, टेकू ते टेकू वाशाची लांबी ८ फूट. मंगलोरी कौल रिपांसकट चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरतात, म्हणजे एका ब्रास (१०० चौरस फूट) पाख्यावर ६०० किलो. पावसाळ्यात कौल पाणी पितं, त्यामुळे दहा टक्के वर धरा, वाशाचं स्वतःचं वजन धरा. माणसं चढण्या-उतरण्याचा भार इमारतींवरच्या भारांचं मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे इतक्या उतारावर किमान ०.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, तोही आडव्या प्रक्षेपावर, म्हणजे छपरानं झाकलेल्या सपाट जागेवर. हे सगळं वाशाला काटकोनात फिरवलं की वाशाच्या दर मीटरला सुमारे ५८ किलो येतात. लाकूड साग-ऐनाच्या तोडीचं धरून स्थितिस्थापकता (ताठपणाचा आकडा) ९,५०० न्यूटन प्रति चौरस मिमी घेतली, तर नव्या सुक्या वाशाचा वाक असा येतो:

पूर्ण २ × ४ (५० × १०० मिमी): ६.२ मिमी. मर्यादा ६.७. पास, पण काठावर.
वखारीतून प्रत्यक्ष हातात पडणारा पावणेदोन × पावणेचार (४४ × ९५): ८ मिमीच्या वर. नापास.
२ × ३ (५० × ७५): जवळजवळ १५ मिमी. दुपटीहून जास्त.

याच २ × ३ वाशातला ताण काढला तर तो ९ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आत राहतो. चांगलं लाकूड एवढा ताण बिनतक्रार सोसतं. म्हणून वासा मोडत नाही, वर्षानुवर्षं वाकलेला राहतो, आणि कुणाला त्याचा संशय येत नाही.

ताठपणा उभ्या मापाच्या घनाप्रमाणे वाढतो. चार इंचाचे तीन इंच केले की उंची पाऊणपट होते, पण ताठपणा ४२ टक्क्यांवर येतो. कापणीत गेलेला पाव इंच म्हणूनच महाग पडतो. वखारीत बिल २ × ४ चं होतं, हिशेबही २ × ४ चा धरला जातो, आणि घरावर चढतो तो पावणेचारचा. उतरवून घेताना दहातले दोन वासे टेपनं मोजा. माप कमीच येणार असेल तर वाशांचं अंतर दीड फुटावर आणा. तिथे ४४ × ९५ चा वाक ६.२ मिमी येतो आणि तो बसतो. गाळा १० फुटांचा असेल तर २ फूट अंतराला पूर्ण २ × ५ लागतो (वाक ७.८, मर्यादा ८.३). १० फुटांना २ × ४ टाकला तर १५ मिमी वाकतो. गाळा सव्वापट झाला की वाक जवळजवळ अडीचपट होतो, हे घर वाढवताना विसरलं जातं. पडवी दोन फूट पुढे घ्यायची आणि वासे तेच माप ठेवायचे, ही नेहमीची चूक.

आढ्याचंही तसंच. दोन्ही बाजूंना ८ फुटी वासे आणि आढ्याला टेकू १२ फुटांवर असतील, तर ४ × ६ चं आढं २२ मिमी वाकतं, मर्यादा १० मिमीची आहे. इथे ताणही १२ च्या आसपास जातो, म्हणजे ताकदसुद्धा काठावर. ४ × ८ ला वाक साडेनऊवर येतो आणि प्रश्न मिटतो. कोन्यांचं सिमेंट दरवर्षी एकाच जागी, आढ्याच्या मध्यावर फुटत असेल तर सिमेंटचं प्रमाण बदलून उपयोग नाही. आढं बसतंय.

ओलं लाकूड

वरचे आकडे सुक्या लाकडाचे आणि पहिल्या दिवसाचे. कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू आणखी वाकत जातं. सुकं चढवलं तर कौलांच्या वजनानं येणारा वाक काही वर्षांत साधारण दीडपट होतो, ओलं चढवून ते भाराखालीच सुकलं तर दुप्पट धरावा. २ × ३ म्हणून आलेला, प्रत्यक्षात ४४ × ७० भरणारा ओला वासा घ्या. नुसत्या कौलांनी आधी १४ मिमी, मग दुप्पट होऊन २८. घराघरांत दिसणारा बोटभर झोळ तो हाच. आणि हा वाक कौलं उतरवल्यावर पूर्ण परत जात नाही, लाकूड त्याच आकारात बसलेलं असतं.

लाकडातल्या ओलाव्याचं मानक आयएस २८७, त्यात देशाचे दमटपणाप्रमाणे चार विभाग आहेत. सरासरी आर्द्रता ६७ टक्क्यांवर असलेल्या चौथ्या विभागात तुळया आणि वाशांना जास्तीत जास्त २० टक्के ओलावा चालतो. किनारपट्टीला हाच विभाग लागू धरावा. दोन सुयांचा ओलावामापक फार महाग नाही. वासा टोकापासून दोन फूट आत, तीन ठिकाणी टोचून बघा. ताजं कापलेलं लाकूड यंत्राच्या मोजपट्टीच्या पार पुढे जातं.

आपल्या परड्यातला ऐन किंवा किंजळ पाडून कापून आणला असेल तर सावलीत, जमिनीपासून दीड फूट वर, दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या देऊन थर लावा. पट्ट्या एकावर एक उभ्या रेषेत याव्यात, नाहीतर सुकतानाच वासे पिळतात. टोकांना जुना ऑइल पेंट फासा, म्हणजे टोकं आधी सुकून फाटत नाहीत. दोन इंची मालाला सहा-आठ महिने कोरडी हवा लागते, आणि पावसाळ्याचे महिने त्यात मोजू नयेत. घाई असेल तर सुकवलेला माल विकत घ्या. ओला वासा चढवून "वर सुकेल" म्हणणं म्हणजे झोळ विकत घेणं.

टोकं कुजलेली आहेत का

हे न बघता दुरुस्ती सुरू करू नका. पेचकसानं वाशाचं भिंतीतलं टोक खालून टोचा. पाव इंचाहून जास्त आत गेला, किंवा लाकूड धाग्यांऐवजी चौकोनी तुकड्यांत निघालं, तर ते टोक गेलं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर वासा ठेवून भोवती सिमेंट दाबून भरण्याची पद्धत याला कारण आहे. चिरा पाणी धरतो, सिमेंट ते लाकडापाशी कोंडतं. आयएस ८८३ स्पष्ट सांगतं: टोकाभोवती हवा खेळली पाहिजे, ते बंद करू नये, आणि छपराचं लाकूड भिंतीवर थेट न ठेवता किमान ७५ × ४० मिमीच्या वॉलप्लेटवर ठेवून तिला जखडावं. वॉलप्लेट म्हणजे भिंतीच्या माथ्यावर आडवं टाकलेलं लाकूड. तिच्याखाली डांबरी कागदाची पट्टी टाका. वाशाच्या दोन्ही अंगांना बोटभर जागा मोकळी सोडा. पाखरं येतात म्हणून ती बुजवायची असेल तर जाळी मारा, सिमेंट नको.

वाशाला वॉलप्लेटवर बसवायला खाच घेताना उभ्या मापाच्या पाचव्या भागाहून खोल जाऊ नका, चार इंची वाशाला पाऊण इंच पुरे. सव्वा-दीड इंच खोल खाच घेतलेला वासा खाचेच्या कोपऱ्यातून लांबीत चिरतो, आणि ती चीर खालून दिसत नाही.

दुरुस्ती

काम डिसेंबर ते एप्रिल. आधी भार उतरवा, आणि दोन्ही पाख्यांवरून सारखा. एका बाजूची सगळी कौलं काढून दुसरी बाजू भरलेली ठेवली की आढं कलतं, आणि मग खालची भिंत दुरुस्त करावी लागते.

सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे गाळा तोडणं. वाशांच्या मध्याखाली एक आडवी तुळई घातली की प्रत्येक वाशाचा गाळा निम्मा होतो आणि वाक सोळाव्या भागावर येतो. १५ मिमी वाकणारा २ × ३ एका मिमीच्या आत येतो. तोच जुना वासा, एक नवी तुळई. ८ फुटी वाशांसाठी ही तुळई पूर्ण ३ × ५ (७५ × १२५ मिमी) घ्या आणि तिला दर ८ फुटांवर टेकू द्या. टेकू खालच्या भिंतीवर किंवा खांबावर उतरला पाहिजे. माळ्याच्या तुळईच्या मध्यावर टेकू उभा केला तर छपराचा झोळ माळ्याला दिला, एवढंच होतं.

जुने वासे वर उचलताना घाई नको. सगळ्या वाशांखालून जाणारी ४ × ४ आडवी धरा, तिच्याखाली स्क्रू जॅक, जॅकखाली दोन फूट लांबीची जाड फळी. दिवसाला ४-५ मिमी. करकर आवाज आला की त्या दिवशी थांबा. बरीच वर्षं वाकलेलं लाकूड पूर्ण सरळ होत नाही, निम्मं वर आलं तरी पुष्कळ.

मधे तुळई घालायला जागा नसेल, उंच माजघर उघडं ठेवायचं असेल, तर जोडवासा लावा. जुन्याच्या अंगाला सुकलेला नवा वासा पूर्ण लांबीचा, दोन्ही टेकूंवर बसणारा, १२ मिमीच्या जस्तलेपित बोल्टांनी दर ४०० मिमीला वर-खाली आलटून पालटून. मधल्याच चार फुटांना पट्टी ठोकून भागवू नका, पट्टीच्या टोकाशी वासा पुन्हा एकटाच पडतो.

नवा वासा बसवताना तीन गोष्टी बघा. माप उभं ठेवायचं, म्हणजे ४ इंच उंची आणि २ इंच रुंदी. आडवा टाकलेला तोच वासा चौपट वाकतो. प्रत्येक लाकडाला थोडी नैसर्गिक कमान असते, ती वर करायची. आणि मोठी गाठ असेल तर ती वरच्या कडेला यावी, कारण खालची कडा ओढली जाते आणि गाठीपाशी उघडते. कडेला पांढरं लाकूड राहिलं असेल तर ते तासून काढा, भुसा पाडणारा किडा तिथूनच सुरुवात करतो. आतल्या, पावसात न भिजणाऱ्या लाकडाला बोरॅक्स ६०० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ४०० ग्रॅम १० लिटर गरम पाण्यात विरघळवून दोनदा-तीनदा भरपूर फासा, खाचा आणि टोकं बुडवूनच घ्या. वळचणीबाहेरच्या भागाला हे उपयोगाचं नाही, पाण्यात धुऊन जातं.

भिंतीचा माथा बाहेर ढकलला गेला असेल, माथ्यापासून फूट-दोन फूट खाली आडवी भेग असेल, तर वासे दोन बाजूंना पाय पसरताहेत. ओळंबा लावून भिंत किती कलली ते बघा. समोरासमोरच्या वाशांना वॉलप्लेटच्या पातळीवर बांधणारं आडवं लाकूड लागतं. ते सोयीसाठी आढ्याच्या जवळ वर लावतात. तिथे ते जवळजवळ निरुपयोगी असतं, पाय पसरतात ते खाली. फार तर खालच्या तिसऱ्या भागापर्यंत वर घ्या, त्याहून वर नको.

मग येतात रिपा. वाशांवर आडव्या दोऱ्या ताणून पाखं एका प्रतलात आहे का बघा. उरलेला झोळ रिपेखाली पाचर देऊन भरा, पाचर प्रत्येक वाशाला वेगळ्या जाडीची येईल. पाचरीतून खिळा वाशात किमान दीड इंच गेला पाहिजे. किनाऱ्यावर खिळे जस्तलेपितच. रिपांचं अंतर कुणाच्या पाठांतरावरून घेऊ नका. ४१० मिमी लांब कौलाला साधारण ३२० मिमी येतं, पण कारखान्यागणिक साच्यात फरक असतो. अकरा कौलं जमिनीवर खोबणीत बसवून मांडा, पहिल्याच्या नाकापासून अकराव्याच्या नाकापर्यंत एकदा दाबून आणि एकदा ताणून मोजा, दोन्हींची सरासरी घ्या, दहानं भागा. २ × १ ची रीप आडवी ठोकलेली असेल तर वाशांच्या मधोमध माणसानं पाय देऊ नये. २ फूट अंतराला ९० किलोच्या माणसानं तिच्यात योग्य ताणाच्या दुप्पट ताण येतो. खिळ्यांच्या रेषेवरून, वाशावरूनच चालायचं. शाकारणीत अर्ध्या रिपा पायांनीच मोडतात.

वारा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरंच्या घरं उघडी पडली. कौल नुसतं रिपेला लटकलेलं असतं, वासा वॉलप्लेटवर एका खिळ्यावर, आणि वॉलप्लेट कित्येकदा भिंतीवर नुसतीच ठेवलेली. छप्पर उघडलेलंच आहे तर ही साखळी आत्ताच जोडून घ्या. वॉलप्लेटला भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्यात १२ मिमीचे बोल्ट दर ४ फुटांना. प्रत्येक वासा वॉलप्लेटला जस्ती पट्टीनं, दोन्ही अंगांना किमान चार-चार खिळे. वळचणीच्या दोन ओळी, कडेच्या दोन ओळी आणि कोन्यालगतची ओळ, ही कौलं रिपेला जस्ती तारेनं बांधा. मंगलोरी कौलाच्या मागच्या नाकात त्यासाठीच भोक ठेवलेलं असतं. कौलांवर सिमेंट फासून ती "पक्की" करू नका. वजन वाढतं, वासा आणखी बसतो, आणि पुढच्या वेळी एक फुटकं कौल बदलायला चार फोडावी लागतात.

कौलं चढल्यावर त्याच वाशांवर, त्याच जागी, पुन्हा दोरी लावा आणि आकडा जुन्या आकड्याखाली लिहा. पुढची मोजणी दिवाळीनंतर, छप्पर सुकल्यावर. २-३ मिमी वाढलेलं चालेल, जोड बसतात. त्याहून जास्त वाढलं असेल तर आधी मधल्या तुळईचे टेकू तपासा, टेकूखालची जमीन किंवा भिंत दबली आहे का बघा. ती पक्की निघाली तर नवं लाकूड ओलं आलं होतं.